एका वेळी दोनच

तो पहिल्यांदा आला तेव्हा मी बर्फ कुटत होते.

ओल्या बाह्या कोपरापर्यंत सरकवलेली, चष्म्यावर धुकं आलेली, हातात लाकडी हातोडा धरलेली नायिका प्रेमकथेत कुणी दाखवत नाही, हे मला माहीत आहे. पण माझं कामच ते. थर्मामीटर खरं बोलतो की खोटं, हे तपासायचं तर आधी अचूक शून्य अंश हवेत, आणि शून्य अंश हवेत तर बर्फ हवा, तोही साखरेसारखा बारीक. बर्फ कुटायला आमच्याकडे वेगळा माणूस नाही. मीच आहे.

दार उघडल्याचा आवाज झाला.

"दार लावून घ्या!" मी मान वर न करताच ओरडले.

"हो हो, लावतो... नाहीतर थंडी बाहेर जायची."

झालं! माझा हातोडा वरच्या वर थांबला.

"थंडी बाहेर जात नाही," मी म्हणाले.

"अहो, लावलं दार."

"लावलंत ते बरंच केलंत. पण थंडी तशीही बाहेर जात नाही. थंडी नावाची वस्तूच नसते मुळी. असते ती उष्णता. ती बाहेरून आत येते आणि आपण तिला अडवतो. बस, एवढंच."

इथपर्यंत आलं की माणसं एकतर कसनुसं हसतात, नाहीतर 'हो का' म्हणून मोबाइल काढतात. हा हातातलं खोकं टेबलावर ठेवून तसाच उभा राहिला. उंच, किंचित वाकलेला, कानशिलावर दोन-चार पांढरे केस. आणि खरोखर विचार करत होता.

"म्हणजे..." तो सावकाश म्हणाला, "गेली दोन वर्षं मी जिची राखण करतोय, ती वस्तू जगात नाहीच?"

"कसली राखण?"

"शीतगृह सांभाळतो मी. गुरांच्या लशींचं. म्हणजे मी रिकाम्या घराचा राखणदार झालो की!"

मी हसले. यात सांगण्यासारखं काय, असं वाटेल तुम्हाला. पण मी ऑफिसात हसत नाही.

त्याचं कारण सांगून टाकते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या कचेरीत मला 'दुरुस्तीबाई' म्हणतात. समोर नाही, पाठीमागे. कुणी चुकीचा शब्द वापरला की माझ्याने राहवत नाही, लहानपणापासूनची खोड आहे. वजन आणि वस्तुमान, उष्णता आणि तापमान... लोक सरसकट एकच धरून बोलतात. चार वर्षांपूर्वी मी वरच्या मजल्यावर होते. तिथली मंडळी रोज दुपारी माझ्यासमोर काहीतरी धडधडीत चुकीचं बोलायची. मी बिचारी तळमळून समजावून सांगायची. एकदा जिन्यात उभी असताना कळलं की त्यांची पैज लागायची. दुरुस्तीबाईला आज आधी कोण सुरू करतो, त्याला इतरांनी चहा पाजायचा. ज्या मुलीला मी मैत्रीण समजत होते, ती सगळ्यात जास्त वेळा जिंकली होती.

मी साहेबांकडे जाऊन खालच्या मजल्यावरची खोली मागून घेतली. खिडकी नसलेली. तेव्हापासून मी, बर्फ आणि थर्मामीटर. थर्मामीटर पैज लावत नाहीत.

तर, त्याच्या खोक्यात अठरा थर्मामीटर होते. लांब वायरचे, प्रत्येकाला नंबराची चिठ्ठी. "कधी मिळतील?" त्याने विचारलं.

आता इथे नीट ऐका. आमच्याकडे एक बाथ आहे. बाथ म्हणजे स्टीलचं उंच पिंप, आतलं पाणी सतत ढवळत राहतं आणि सांगू त्या तापमानाला स्थिर राहतं. त्याच्या झाकणाला बारा भोकं आहेत. एकेका भोकात एकेक थर्मामीटर सोडायचा, अर्धा तास थांबायचं, आकडे वाचायचे. अठरा थर्मामीटरचं काम दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हातावेगळं झालं असतं.

"एका वेळी दोनच होतात," मी म्हणाले.

"दोनच?"

"दोनच. आणि... मंगळवारीच. आज मंगळवारच आहे, दोन आत्ता करते. बाकीचे घेऊन जा, तुम्हाला तिकडे लागतील. दर मंगळवारी दोन-दोन आणा. थांबून लगेच परत न्या."

त्याने पिंपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हणजे नऊ मंगळवार."

"हो. नऊ."

ज्या बाईने जन्मात कधी दशांश चिन्हानंतरचा आकडासुद्धा उगाच पुढे ढकलला नाही, ती तोंडावर खोटं बोलली. तो गेल्यावर माझी मलाच लाज वाटली. मी पिंपाच्या झाकणावर एक मोठा टॉवेल टाकला. दोन भोकं तेवढी उघडी ठेवली.

का बोलले खोटं? कारण संध्याकाळी सहाला मी कुलूप लावते आणि साडेसहाला दुसरं कुलूप उघडते. मधल्या अर्ध्या तासात बस-कंडक्टरशी एक वाक्य होतं. आई गेल्यापासून घरात दोन खोल्या आणि मी. दादा-वहिनी लांब दुसऱ्या शहरात, त्यांचा फोन रविवारी. मी ओट्याशी उभ्यानेच जेवते, बसून जेवायचं तर समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघावं लागतं. आणि त्या दिवशी एक माणूस माझं बोलणं ऐकून उभा राहिला होता, विचार करत. मला तो पुन्हा बघायचा होता. बस, एवढंच होतं ते, आणि ते एवढंच काही लहान नव्हतं.

दुसऱ्या मंगळवारी तो आला तेव्हा मी नवी ओढणी घेतली होती आणि ती जुनीच आहे असं दाखवत होते. थर्मामीटर पिंपात सोडले. अर्धा तास थांबायचं होतं. त्याने स्टूल ओढलं. हात धुवायला बेसिनपाशी गेला आणि साबणाच्या कागदावरचं वाचू लागला.

"वा! हा चांगला आहे, मॅडम. यात केमिकल नाही म्हणे."

"असं काही नसतं," माझी जीभ सुटलीच. "साबण रसायन, पाणी रसायन, तुम्ही-आम्ही पण रसायनंच."

"मग ज्यात केमिकलच नाही असं काय असतं?"

"काहीच नाही. निव्वळ रिकामी जागा."

"आहे माझ्याकडे तशी," तो हात पुसत म्हणाला. "शीतगृहाच्या मागची खोली. तिथेच राहतो मी. कधी या बघायला..." मग एकदम गडबडून, "म्हणजे, शास्त्रीय कुतूहल म्हणून!"

मी पाठ फिरवून आकडे लिहिले. माझं हसू त्याला दिसू नये म्हणून एकच आकडा दोनदा लिहिला.

तिसऱ्या मंगळवारी म्हणाला, "माझा आपला एक सिद्धान्त आहे..."

"सिद्धान्त?"

"म्हणजे अंदाज हो."

"अंदाजाला सिद्धान्त म्हणू नका! शंभर जणांनी शंभर बाजूंनी ठोकून पाहिलेला आणि तरी उभा राहिलेला, त्याला सिद्धान्त म्हणतात. लोक काय, उचलली जीभ लावली टाळ्याला! तुमचं आहे ते फार तर गृहीतक."

"बरं बाई, गृहीतक." तो स्टुलावर पुढे सरकला. "तर माझं गृहीतक असं, की मॅडमना मंगळवार आवडतो."

पिंपातलं पाणी घुर्र घुर्र ढवळत होतं. मी चष्मा काढून पुसला, जो स्वच्छच होता.

"कशावरून?"

"मागच्या मंगळवारी ओढणी निळी होती. आज पिवळी. पहिल्या दिवशी नव्हतीच."

"तीन निरीक्षणांवरून काही सिद्ध होत नाही."

"म्हणूनच तर अजून सहा मंगळवार आहेत," तो म्हणाला, आणि मी हातातली पेन्सिल उलट्या बाजूने लिहायला टेकवली.

असे सहा मंगळवार गेले. चौथ्याला म्हणाला, तुम्ही आमच्या थर्मामीटरपुढे 'त्रुटी' लिहिलीत, बिचाऱ्याची काय चूक? मी सांगितलं, त्रुटी म्हणजे चूक नव्हे, खऱ्या तापमानापेक्षा तो किती जास्त-कमी दाखवतो तो फरक. प्रत्येकात असतो. माहीत असला की काम चालतं. "माणसांचंही असंच असतं तर बरं झालं असतं," तो म्हणाला. पाचव्याला म्हणाला, वजन दोन किलो घटलं माझं, एकट्यासाठी रांधायचा कंटाळा येतो. मी त्याला वजन आणि वस्तुमान समजावलं. चंद्रावर गेलात तर वजन कमी भरेल, वस्तुमान आहे तेवढंच राहील.

"म्हणजे माणूस कुठेही गेला तरी आपल्याएवढाच राहतो," तो म्हणाला. त्याचा आवाज जरा उतरला होता. "जागा बदलून काही उपयोग नाही म्हणा."

मला तेव्हा त्याच्या हातावर हात ठेवावासा वाटला. मी थर्मामीटरच्या वायरीचा गुंता सोडवत बसले. गुंता नव्हताच.

घरी मात्र मला काहीतरी झालं होतं. मी खुर्चीवर बसून जेवू लागले. सोमवारी दिवस संपता संपत नसे. बुधवार सगळ्यात वाईट, पुढचा मंगळवार सहा दिवसांवर.

आणि मग तो शुक्रवार आला. शीतगृहाच्या भिंतीत बसवलेला एक तापमापक होता, काढून आणता न येणारा. तो जागेवर जाऊन तपासायचा होता. साहेब म्हणाले, जा तुम्ही. मी त्याला कळवलं नाही. म्हटलं, जरा चकित करू. पिवळी ओढणी घेतली.

तो नव्हताच. लशी पोचवायला बाहेर गेला होता. झाडलोट करणाऱ्या मावशींनी मला आत नेलं. लोखंडी दार, आतून येणारा यंत्राचा एकसुरी आवाज, बाहेरच्या भिंतीला टेकवलेली सायकल. कामगारांच्या फळ्याशेजारी एक मोठा कागद डकवला होता. अक्षर ओळखीचं होतं. दर मंगळवारी माझ्या रजिस्टरात सही करणारं.

'सर्वांनी लक्षात ठेवा. थंडी बाहेर जात नाही, उष्णता आत येते. उष्णता आणि तापमान एक नव्हे. वजन आणि वस्तुमान एक नव्हे. थर्मामीटरची त्रुटी म्हणजे थर्मामीटरची चूक नव्हे...'

खाली तारीख होती. जवळजवळ दोन वर्षांपूर्वीची.

"सरांनी लिहिलंय ते," मावशी कौतुकाने म्हणाल्या. "दर सोमवारी आम्हा सगळ्यांना शिकवतात. आधी शाळेत विज्ञानाचे मास्तर होते ना! अकरा वर्षं. पोरं कमी झाली, शाळा बंद पडली, म्हणून आले इकडे."

मी काम केलं. आकडे बरोबर घेतले, त्याबद्दल मी स्वतःला आजही शाबासकी देते. मग बाहेर पडून बसस्टॉपवर उभी राहिले आणि दोन बस सोडल्या, कारण डोळ्यांतलं पाणी थांबेना.

सगळं नाटक! साबणाचा कागद, सिद्धान्त, चंद्रावरचं वजन... त्याला सगळं ठाऊक होतं. तोंडपाठ होतं. मी घसा कोरडा करून शिकवत होते आणि तो, अकरा वर्षांचा मास्तर, स्टुलावर बसून मजा बघत होता. परत जाऊन त्या मावशींना सांगत असेल, आज बाईंना असं सुरू केलं. तिथे कुणी त्याला चहा पाजत असेल. एकदा तोंडावर आपटले होते, कानाला खडा लावला होता, आणि पुन्हा त्याच जिन्यात येऊन उभी होते मी.

सोमवारी सकाळी मी फोन केला.

"उरलेले सहा थर्मामीटर शिपायाबरोबर पाठवून द्या. एकदम होतील."

पलीकडे यंत्राचा आवाज. "...एकदम? सहाही?"

"हो. तुम्ही यायची गरज नाही."

मग म्हणाला, "बरं."

त्याचं ते 'बरं' दिवसभर माझ्या कानात राहिलं. मी झाकणावरचा टॉवेल ओढून काढला, सहाच्या सहा पिंपात सोडले आणि एका दुपारी काम संपवलं. प्रमाणपत्राखाली नेहमीची ओळ टाकली, पुढील तपासणी एक वर्षानंतर. शिपाईकाका खोकं घेऊन गेले.

सातवा मंगळवार कोरडा गेला, आठवाही. स्टूल भिंतीशी होतं तिथेच होतं. मी पुन्हा ओट्याशी उभी राहून जेवू लागले.

रविवारी वहिनीचा फोन आला. "आवाज असा का गं बसलाय?"

"सर्दी झालीय. परवा गार वाऱ्यात उभी होते."

"थांब थांब! गार वाऱ्याने सर्दी होत नाही, विषाणूने होते. माझ्या लग्नाच्या पहिल्याच वर्षी भर पाहुण्यांत सांगितलं होतंस मला. आज तूच असं बोलतेस? कोण आहे तो?"

वहिनी अशी आहे. मी रडत रडत सगळं सांगितलं. भोकांचंही सांगितलं. पलीकडून खो खो हसणं.

"म्हणजे तू बाराच्या जागी दोन सांगितलेस?"

"...हो."

"टॉवेल टाकून?"

"हो गं."

"आणि रागावलीस कोण, तर तू! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच! अगं, ताकाला जाऊन भांडं तूही लपवलंस, त्यानेही लपवलं. तुझं खोटं प्रेमाचं आणि त्याचं तेवढं टिंगलीचं, हे कुणी ठरवलं? विचारलंस त्याला?"

"नाही."

"का नाही?"

"तो हो म्हणाला तर?" मी म्हणाले. "हो, टिंगलच करत होतो, असं म्हणाला तर वहिनी... मग मी परत कुणाशी बोलणार नाही. कुणाशीच."

वहिनीचं हसणं थांबलं. ती हळूच म्हणाली, "आत्ता तरी कुणाशी बोलतेस, बाळा?"

सोमवारी मी चार वेळा फोन उचलला आणि चारही वेळा ठेवला.

नवव्या मंगळवारी साडेअकराला दार उघडलं. मी बर्फ कुटत होते. त्याच्या हातात खोकं नव्हतं. त्याने दार न सांगता लावून घेतलं आणि तिथेच उभा राहिला.

"आज नववा," तो म्हणाला.

"थर्मामीटर संपलेत."

"माहीत आहे."

"मग आज काय चुकीचं बोलायचं ठरवून आलायत, सर?"

'सर' ऐकल्यावर त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "मावशी म्हणाल्या, तुम्ही येऊन गेलात. कागद वाचलात."

"वाचला. अक्षर छान आहे. मजा आली ना सहा मंगळवार? कोणाला सांगायचात? काय लावायचात पैजेला?" माझा आवाज चिरकला. मला तो चिरकू द्यायचा नव्हता.

"पैज?" त्याला खरंच काही कळलं नाही. मग मी सांगितलं. जिना, चहा, मैत्रीण, सगळं. हातोडा हातात तसाच धरून. आजवर वहिनीशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं.

तो ऐकत राहिला. मग स्टुलावर न बसता, उभ्यानेच बोलला.

"पहिल्या दिवशीचं खरं होतं, मॅडम. 'थंडी बाहेर जायची' हे तोंडून निघून गेलं. अकरा वर्षं फळ्यावर बरोबर लिहिलं आणि घरी आईला 'दार लाव, थंडी येतेय' असंच म्हणत आलो. तुम्ही टोकलंत. अकरा वर्षं मी दुसऱ्यांना टोकत होतो... मला कुणी टोकलं नव्हतं. आणि शाळा बंद झाल्यावर तर, बोलायचं कुणाशी? सोमवारी मावशींशी अर्धा तास. बाकी त्या यंत्राशी. त्या दिवशी तुम्ही ज्या तळमळीने बोललात ना, हातोडा असा वर धरून... मला वाटलं, ही माझ्या जातीची आहे. मास्तराची जात."

"आणि पुढचे पाच?"

"पुढचे पाच खोटे." त्याने मान खाली घातली. "सोमवारी वर्ग संपला की मी बसून विचार करायचो, उद्या काय चुकवू. चूक अशी हवी की तुम्हाला समजावायला निदान दहा मिनिटं लागतील. हसलो मी, हे कबूल. परत जाताना बसमध्ये हसायचो, एकटाच. लोक बघायचे. पण तुमच्यावर नाही हो... आनंद व्हायचा म्हणून. कुणाला सांगायचो विचारलंत. सांगायला कोण होतं?"

बर्फाचं पाणी टेबलावरून माझ्या पायावर टपकत होतं.

"माफी मागायला आलोय. तुमची जखम मला माहीत नव्हती. माहीत असती तर एकही शब्द चुकवला नसता." तो थांबला. "पण तुम्हीही एक सांगा. झाकणाला बारा भोकं आहेत ना?"

माझ्या हातून हातोडा बर्फात पडला. "तुम्ही... कधी..."

"पहिल्याच दिवशी. टॉवेल दुसऱ्या मंगळवारी आला. पहिल्या दिवशी कुठे होता?" आता त्याच्या डोळ्यांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "म्हणून तर एवढी हिंमत केली. ज्या बाईला बाराच्या जागी दोन म्हणावंसं वाटतं, तिला आपण नकोसे नसू. पण मग तुम्ही फोनवर 'एकदम होतील' म्हणालात आणि मला कळलं, आता तुम्हाला मी नको झालोय."

त्या 'बरं'चा अर्थ मला आत्ता कळला. गेले पंधरा दिवस मी एकटीच रडत नव्हते तर. मी स्टूल ओढून घेतलं आणि बसले.

त्याने खिशातून एक घडी केलेला कागद काढला. "अजून एक आहे. मला शाळा मिळतेय. पुन्हा विज्ञान. चार तासांवर आहे, लहान गाव. हो कळवायचं, तर या महिनाअखेरपर्यंत हा फॉर्म भरून द्यायचा. राहायला जागा देतात. एकट्याला एक खोली, दोघं असतील तर दोन." त्याने कागद माझ्यासमोर ठेवला आणि वर पेन ठेवलं. "सगळं भरलंय. राहणारी माणसं किती, तो रकाना रिकामा आहे. मला तिथे 'एक' लिहवेना. तुमच्यासारखंच काम तिथल्या तालुक्याच्या कचेरीतही आहे, मी विचारून आलोय. गेले दोन मंगळवार मोकळाच होतो ना. तुम्हाला नको असेल तर तुम्हीच 'एक' लिहा, मी निघतो. मला... तुम्ही हव्या आहात. माझ्याबरोबर. रोज."

मी तो कागद वाचला. पहिल्यापासून, प्रत्येक ओळ. सवय आहे. रकान्याशी आले, पेन उचललं. आणि पेन खाली ठेवलं.

"मी इथे 'दोन' लिहू शकत नाही," मी म्हणाले.

त्याने डोळे मिटले. "बरं," म्हणाला.

"'बरं' काय? पूर्ण ऐकून तर घ्या! अहो, खाली छापलंय, वरील माहिती सत्य आहे. आजच्या तारखेला तुम्ही एकटे आहात. 'दोन' लिहिलं तर ते खोटं होईल. मी एकदा खोटं बोलले तर नऊ मंगळवार झोप नव्हती मला. महिनाअखेरीला किती दिवस आहेत?"

"वीस," तो पुटपुटला.

"मग आधी ते खरं करावं लागेल. दादा-वहिनीला यायला दोन दिवस लागतील, तुमच्या आईला विचारायला हवं, मला बदलीचा अर्ज करायला हवा. वीस दिवसांत होईल. घाई होईल, पण होईल." आणि मग, कारण इतकं बोलूनही खरं ते राहिलंच होतं, "मलाही तुम्ही हवे आहात. मला एकटीला नाही राहायचं आता. खूप वर्षं राहिले."

त्याने कागदाची घडी घातली, जशी होती तशी न जमता वेडीवाकडी. पेन खिशाला लावायला गेला आणि हात चुकला. पुन्हा लावायला गेला, पुन्हा चुकला. मी उठले, माझी बोटं बर्फाने बधिर झाली होती, तरी ते पेन त्याच्या हातातून घेतलं आणि मीच त्याच्या खिशाला नीट लावलं.